नाकावरून जबडा

तुम्ही मला फक्त नाक दाखवा, मी तुम्हाला जबडा सांगतो! हसू नका. दातांचा डॉक्टर होऊन मी मुंबईहून जळगावला परतलो, तेव्हा हे वाक्य मी भेटेल त्याला ऐकवत होतो. नाकाचा दांडा सरळ असला तर वरच्या जबड्याचं हाड जागच्या जागी. दांड्याला मधेच उंचवटा असला, तर हाड पुढे आणि दात त्याच्याही पुढे! एवढं साधं शास्त्र! दांडा तपासायला मी खिशात कायम एक लाकडी फूटपट्टी बाळगत असे. पूर्ण फूटभर, खिशातून निम्मी बाहेर.

लोकांना मात्र शास्त्राची कदर नव्हती. भडगावकडचे उखर्डू नाना गाल धरून खुर्चीत बसले आणि मी पट्टी काढली, तर खवळलेच. "डाक्टर, दाढ दुखी राह्यनी, नि तुम्ही नाक काय देखी राह्यनात?"

माझ्यावर विश्वास ठेवणारा जळगावात एकच माणूस होता, अभयकुमार. दवाखान्याच्या खालीच त्याचं कापडाचं दुकान. एक दिवस तो घाम पुसत जिना चढून आला.

"लीलाधर, रविवारी धुळ्याला मुलगी बघायला जायचंय. तू चल."

"मी कशाला?"

"मांची एकच अट आहे, सुनेचे दात पुढे नकोत. आणि फोटोत मुलीचं तोंड मिटलेलं! मला तर तो फोटो बघितल्यापासून जेवण गोड लागत नाही रे. ही मुलगी हातची जायला नको. पण तोंड उघड, असं तिला सांगायचं कसं?"

"उघडायचं कशाला?" मी पट्टी टेबलावर आपटली. "नाक आहे ना!"

रविवारी अभय, त्याची आई भंवरीबाई आणि मी एस.टी.ने धुळ्याला पोचलो. मुलीचे वडील मदनलालजी धान्याचे व्यापारी. त्यांनी आम्हाला गादीवर तक्क्याला टेकून बसवलं. कचोरी आली. तेवढ्यात आतून एक बाई पाण्याचे पेले घेऊन आली. हातभर घुंगट! आमच्या गावाकडे पाहुण्यांपुढे मुलगी डोक्यावरून पदर घेऊन, मान खाली घालूनच येते. मी ओळखलं, हीच ती!

आता घुंगटात नाक बघायचं कसं? मी पेला घेता घेता खाली वाकलो. आणखी वाकलो. पलंगाखाली गेलेली चप्पल शोधावी तसा मी जवळजवळ गादीवर आडवा झालो, तेव्हा कुठे नाक दिसलं. दांड्याला मधोमध हा एवढा उंचवटा! बिचारा अभय!

अभयने मला चिमटा काढला. मला वाटलं, निकाल विचारतोय.

तेवढ्यात उघड्या डोक्याची एक मुलगी तरातरा आली आणि कचोरीची ताटली माझ्यापुढे ठेवून समोरच बसली. असेल शेजारची. पण काय नाक होतं! पट्टीने आखल्यासारखं! मला राहवेना. मी एक डोळा मिटून, गवंडी भिंत बघतो तशी पट्टी हवेत धरली.

"मदनलालजी, रागावू नका, शास्त्राला आडपडदा नसतो," मी घसा साफ केला. "हे नाक बघा. सरळ! म्हणजे जबडा जागेवर, दात आत. आणि त्या घुंगटातल्या मुलीचं नाक बघा. उंचवटा! वरचा जबडा पुढे, दात बाहेर. दोन वर्षं तार लावावी लागेल!"

मदनलालजींच्या हातातली कचोरी हातातच राहिली.

"डॉक्टरसाब," ते हळूच म्हणाले, "ती आमची सून आहे, हीराबाई. आम्हा मारवाड्यांत घुंगट सुना घेतात, लेकी नाही. मुलगी ही, तुमच्यासमोर बसलीय ती. चंदन."

त्यासरशी चंदन फिस्सकन हसली! सकाळपासून तिला तोंड मिटून बसायची ताकीद होती म्हणे. ते सगळं हसू एकदम बाहेर पडलं, आणि त्याच्याबरोबर दात. चांगलेच पुढे आलेले! तिकडे हीराबाईही हसू आवरेना म्हणून घुंगट सावरायला गेली, तर आत दिसली कणसातल्या दाण्यांसारखी एकसारखी दंतपंक्ती!

"आणि नाकाचं म्हणाल," घुंगटातून आवाज आला, "तर लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते मी!"

भंवरीबाई उठल्याच. "चल अभय."

अभय उठला नाही. आईपुढे ज्याने कधी ब्र काढला नव्हता, तो चंदनकडे बघत म्हणाला, "मां, आपल्या घरात असं कोण हसतं गं?"

भंवरीबाई दारात थांबल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, खरं सांग. हे दात मागे जातील?"

"लहानपणी अंगठा चोखायची सवय होती का?" मी विचारलं.

"दहा वर्षांची होईपर्यंत!" मदनलालजी म्हणाले.

"मग जातील की! दात अंगठ्याने ढकललेत, हाड जागेवर आहे. नाक सांगतंय ना!" माझ्या शास्त्राचा निम्मा भाग तरी वाचला होता.

भंवरीबाईंनी लेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसल्या. अभयने पुढ्यातली कचोरी एका घासात संपवली. मला इतका आनंद झाला की मी हीराबाईची दोनदा माफी मागितली. निघताना भंवरीबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अभयपेक्षा तू मोठा ना? आजपासून माझा मोठा मुलगा तू. सुनेच्या दातांना तार तूच लावायची!"

लग्न थाटात झालं. पुढच्याच महिन्यात भंवरीबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. मी हात धुतले, आरसा घेतला, तार काढली. चंदन खुर्चीत बसली आणि तिने छातीपर्यंत घुंगट ओढला!

"अहो, तोंड उघडा ना," मी म्हणालो.

"कसं उघडेल?" भंवरीबाई समोर ठाण मांडून बसल्या होत्या. "माझा मोठा मुलगा तू. म्हणजे तिचा जेठ! जेठापुढे सून तोंड दाखवते होय?"

मी हातात तार घेऊन उभा. मग घुंगट किंचित बाजूला सरला. नाकापुरताच, तोंड झाकलेलंच.

"जेठजी," आतून हसू दाबत आवाज आला, "तुम्हाला एवढं पुरतं ना?"