दोन काळूराम उजवीकडे

पनवेलच्या त्या फुटबॉलच्या मैदानात एकही काटकोन नाही, हे अपूर्वने पहिल्याच भेटीत ओळखलं. ओळखून तो गप्प बसला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण अपूर्व भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला होता. अशी माणसं दुसऱ्याच्या घरी चहाला गेली तरी भिंतीवरचा तिरका फोटो सरळ करूनच उठतात.

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तो आणि मुआज प्रयोगशाळेत शेजारी शेजारी काम करत. मुआज मोहल्ल्याच्या टीममधून खेळायचा. "उद्या उरणशी मॅच आहे, आज ग्राउंड तरी बघायला चल," असं म्हणून त्याने शनिवारी संध्याकाळी अपूर्वला खांदा कॉलनीतून उचललं आणि मैदानावर आणलं.

या सामन्याला कप नाही, ढाल नाही, हारतुरे नाहीत. वर्षातून एकदा पनवेल विरुद्ध उरण, एका वर्षी इथे, एका वर्षी तिथे. जो हरेल त्याने पुढच्या रविवारी जिंकणाऱ्यांना, त्यांच्या बायकापोरांसकट, मटण बिर्याणी खाऊ घालायची. आणि घरच्या मैदानावर आजवर कुणी हरलेलं नव्हतं. म्हणजे एक वर्ष खायचं आणि एक वर्ष घालायचं, असा बिनबोभाट हिशेब चालला होता. गेल्या वर्षी सामना उरणला झाला, तेव्हा बिर्याणीची देग इथे चढली होती. कुठे? तर पनवेलचे कॅप्टन खलीलभाई यांच्या अंगणात. चढवली कुणी? तर त्यांच्या बायकोने, फहमिदाभाभींनी.

यंदा जेवायची पाळी पनवेलची होती. भाभींनी नवा सूट शिवून ठेवला होता आणि नवऱ्याला बजावूनही ठेवलं होतं, "मी उरणला जाऊन पाय पसरून जेवणार. चुकून हरलात, तर गोश्त तुम्ही आणा, कांदे तुम्ही चिरा, देग तुम्ही चढवा. मी चालले माहेरी, महाडला."

"घरच्या ग्राउंडवर कोण हरतं, बेगम," खलीलभाई म्हणाले होते.

त्यांना अपूर्व अजून भेटायचा होता.

"खलीलभाई, तुमचे गोल मधोमध नाहीयेत," अपूर्व भेटल्या भेटल्या म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"डोळ्याला दिसतंय. दोन्ही गोल पश्चिमेला सरकलेत."

"ते होय. तिकडं पूर्वेला चिंच होती. बॉल फांदीत अडकायचा, म्हणून वालिदसाहेबांच्या जमान्यात गोल इकडं घेतले."

"चिंच कुठेय?"

"पडली की. कधीच पडली."

"मग गोल अजून तिथेच का?"

खलीलभाईंनी या प्रश्नाकडे कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. त्यांनी मुआजकडे पाहिलं. मुआजने आकाशाकडे पाहिलं.

"मी उद्या सकाळी सगळं सरळ आखून देतो," अपूर्व म्हणाला. "दोरी, टेप आणि फक्की द्या फक्त. आंतरराष्ट्रीय दर्जाचं मैदान होईल."

आता, मैदानात फक्की मारणं म्हणजे चुन्याची भुकटी ओतत उन्हात वाकून चालणं. इथे सामना असला की त्या सकाळी सगळ्या टीमची कंबर एकदम धरायची. आपणहून फक्की मागणारा माणूस खलीलभाईंना देवदूतासारखा वाटला. "बेटा, चाहे तो ग्राउंड गोल आख," ते म्हणाले.

रविवारी सकाळी अपूर्वने दोरीचा त्रिकोण ताणून चारही कोपरे काटकोनात आणले. मग मुआज आणि गोलकीपर काळूराम यांना हाताशी धरून लोखंडी पाइपांचे दोन्ही गोल उचलले आणि बरोब्बर मध्यावर नेऊन ठेवले. काळूराम विचुंब्याचा. अंगाने असा रुंद, की तो गोलात उभा राहिला की गोल लहान वाटायचा.

"सर, गोल हलवलाव," तो म्हणाला, "तं आमी उबं कुटं रावाचं?"

"गोलात."

"बरं," काळूराम म्हणाला, पण त्याच्या तोंडावर काही बरं दिसत नव्हतं.

दुपारी उरणची टीम आली. त्यांचा कॅप्टन फहाद कुवेतहून खास रजा टाकून यायचा. मैदानात पाऊल टाकताच तो थबकला. "माशाल्ला, खलीलभाई. यंदा तुमच्या ग्राउंडवर चक्कर येत नाहीये."

अपूर्वची छाती शर्टाच्या बटणांना जड होऊ लागली. तो जाऊन भाभींच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि आजूबाजूच्यांना काटकोनाचं महत्त्व सांगू लागला.

रेफरी होते बुधाजी मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक. त्यांनी शिट्टी फुंकली आणि पनवेलने धडाक्यात हल्ला केला. मुआजने वळून न बघता सणसणीत किक मारली. चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला. पुढची किकही डावीकडून बाहेर. त्याच्या पुढचीही. ही पोरं लहानपणापासून या गोलांत चेंडू मारत आली होती. गोल कुठे आहे ते त्यांचे डोळे बघतच नसत. पायांनाच ठाऊक होतं. आणि पायांना कुणी कळवलेलं नव्हतं.

मग फहादने एक साधा, गरीब, रांगत जाणारा चेंडू मारला. काळूराम गोल जिवापाड राखत होता, पण कालपर्यंत जिथे होता तो. चेंडू त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून शांतपणे आत गेला.

"अरे, तो तिथे का उभाय?" भाभींनी विचारलं.

"सवय," अपूर्व म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

"कसली सवय? गोल तर तिथेच आहे ना?"

अपूर्वने मग हळूहळू, काटकोन वगळून, सगळं सांगितलं. भाभींनी शांतपणे पर्समधून मोबाइल काढला आणि महाडला फोन लावला. "अम्मी, मी येतेय. कपडे घेऊनच येतेय."

मध्यंतरात खलीलभाई धापा टाकत आले, तेव्हा बायकोने त्यांना पाणी दिलं नाही. म्हणाली, "बिर्याणी कशी शिजवायची, कांद्यांपासून सांगू का?"

"थांबा, मी उपाय सांगतो," अपूर्व पुढे आला. "सोपं आहे. पाय जिथे मारायला सांगतील, त्याच्या उजवीकडे मारायचं. गोल सरकलाय तेवढंच अंतर."

"म्हणजे किती?"

अपूर्वने इकडेतिकडे पाहिलं. "दोन काळूराम. दोन काळूराम उजवीकडे."

हे सगळ्यांना पटलं. काळूरामला मधे उभा करून सगळ्यांनी अंतर डोळ्यांत भरून घेतलं. शिट्टी झाली, टीम मैदानात उतरली आणि मुआजने दोन काळूराम उजवीकडे पहिली किक मारली. चेंडू गोलापासून इतका लांबून गेला की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने तो अडवला.

मध्यंतरानंतर दोन्ही टीम बाजू बदलतात, ही एक बारीक गोष्ट उपाय सुचवताना राहून गेली होती. तोंड फिरलं, की पूर्व डाव्या हाताला येते.

"डावीकडे," अपूर्व कडेने पळत ओरडत सुटला, "आता डावीकडे मारा, खलीलभाई." पण उरणचे लोक ढोल वाजवत होते आणि खलीलभाईंना ऐकू गेलं नाही. काळूराम तेवढा शहाणा झाला होता. दर मिनिटाला मागे हात नेऊन तो खांब चाचपून बघायचा. त्यामुळे उरणचाही दुसरा गोल काही होईना.

अगदी शेवटी पनवेलला फ्री किक मिळाली. खलीलभाईंनी बायकोकडे एकदा बघितलं. भाभी एसटीची वेळ विचारत होत्या. खलीलभाईंनी डोळे मिटले, मनात दोन काळूराम मोजले आणि आयुष्यातली सगळी बिर्याणी पायात आणून उजवीकडे किक मारली.

उजवीकडे बुधाजी मास्तर उभे होते. चेंडू त्यांच्या पाठीवर दणकन आदळला, डावीकडे उडाला आणि थेट गोलात गेला.

क्षणभर ढोलही थांबला. मास्तर पाठ चोळत उभे राहिले. "आमच्या वेळच्या नियमाप्रमाणे," ते कण्हत म्हणाले, "रेफरी म्हणजे नुसती हवा. गोल." आणि त्याच श्वासात त्यांनी सामना संपल्याची शिट्टी फुंकली.

एक-एक. बरोबरी. अशी भानगड आजवर कधी झालेली नव्हती. आधी दोन्ही बाजू नाचल्या. मग हळूहळू दोन्हीकडच्या लोकांच्या लक्षात आलं, की कुणीच हरलेलं नाही, म्हणजे कुणीच शिजवणार नाही. एवढं खेळून बिर्याणीच नाही. मैदानावर सुतकी शांतता पसरली.

"असं कसं," फहाद म्हणाला. "कुणीतरी हरायलाच पाहिजे."

"पनवेल हरलं नाही," खलीलभाई बायकोकडे बघत घाईने म्हणाले.

"उरणही नाही," फहाद म्हणाला.

"मंग ग्राउंड कुनी हलवला?" काळूरामने विचारलं.

सगळ्या माना एकाच वेळी, एकाच कोनात, अपूर्वकडे वळल्या. बुधाजी मास्तरांनी पाठीवरचा हात काढून निकाल दिला: दोन्ही टीमविरुद्ध अपूर्व हरला. टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठी टाळी फहमिदाभाभींची होती. त्यांनी लगेच महाडला फोन लावून येणं रद्द केलं आणि खांदा कॉलनीत घालायला नवा सूट चालेल का, ते विचारलं.

अपूर्वने घाम पुसत घरी फोन लावला. मुआजने सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्याच्या हातून मोबाइल घेऊन स्पीकर चालू केला.

"आई, पुढच्या रविवारी थोडे पाहुणे जेवायला येतायत."

"थोडे म्हणजे?"

"दोन फुटबॉल टीम. घरच्यांसकट."

आईचा, म्हणजे शशिकलाबाईंचा, मायाळू आवाज मैदानभर घुमला. "येऊ देत की. लेकरं खेळून दमली असतील. पण रविवारी संकष्टी आहे हं. मी आपली शनिवारीच पातेलंभर साबुदाणा भिजवून ठेवते."

उरणचा ढोलवाला खाली बसला. फहादने आकाशाकडे बघितलं. अजून थोडा उजेड होता. त्याने बुधाजी मास्तरांचा हात धरला.

"मास्तर, अजून दहा मिनिटं खेळवा," तो म्हणाला. "आम्ही हरतो."