दर इंचाला तीनशे

टीव्ही आला की खजिनदाराच्या पदरात काय पडणार, हे आधीच ठरलं होतं. वर्षभर रिमोट त्याच्या हातात. मधली खाट त्याची. आणि ‘टीव्ही कुणी पसंत केला’ असं कुणीही, कधीही विचारलं, तर बाकीच्या दोघांनी त्याच्याकडे बोट दाखवायचं. बदल्यात त्याने टीव्ही निवडायचा, भाव करायचा, आणि दोघांपैकी कुणाला तो आवडला नाही तर त्याचा वाटा स्वतःच्या खिशातून परत करायचा. ही शेवटची अट त्याने आपणहून घातली होती. आपली निवड कुणाला नावडेल, ही शक्यता त्याच्या हिशेबात बसतच नव्हती.

खोलीत तिघे राहायचे. दुधापासून केरसुणीपर्यंत सगळा खर्च बघायचा तो खजिनदार. दुसरा डॉक्टर, तो औषधनिर्माण शास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होता, पण सल्ले थेट शस्त्रक्रियेचे द्यायचा. तिसरा लांब्या, त्याची उंची खाटेत मावत नसे आणि त्याची भूक महिन्याच्या खर्चात. तिघांनी तीन-तीन हजार काढले. एका मोबाइलवर तीन डोकी घालून सामने बघायचे दिवस आता संपणार होते.

“बरं झालं,” डॉक्टर म्हणाला. “लांब्याच्या डोक्यात कोंडा आहे.”

दुकानात शिरताच तिघेही दाराशीच थबकले. समोरच्या अख्ख्या भिंतीवर टीव्हीच टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच हिरवा पोपट. त्या सगळ्या पोपटांनी एकदम मान वळवून यांच्याकडे पाहिलं, तेव्हा लांब्याने नकळत चपला काढल्या.

“अरे, दुकान आहे हे,” डॉक्टर कुजबुजला. आपण का कुजबुजतोय हे मात्र त्यालाही सांगता आलं नसतं.

विक्रेत्याने एका नजरेत ओळखलं: माणसं तीन, पाकीट एक. “बजेट किती आहे?”

“नऊ हजार,” खजिनदार म्हणाला.

विक्रेता त्यांना कोपऱ्यातल्या चोवीस इंची टीव्हीकडे घेऊन गेला. “नऊ हजार सहाशेचा आहे. तुम्ही शिकणारी मुलं, सहाशे सोडतो.”

खरं तर व्यवहार इथेच संपायचा. पण खजिनदाराला एक खोड होती. कुठलीही वस्तू घेताना तो आधी तिच्या एका घासाचा, एका थेंबाचा, एका ग्रॅमचा भाव काढायचा. मोठं पुडकं नेहमीच स्वस्त पडतं, हा त्याचा अनुभव. त्यापायी खोलीत पुढच्या तीन पिढ्यांना पुरेल एवढं मीठ साठलं होतं.

“म्हणजे इंचाला तीनशे पंच्याहत्तर,” तो म्हणाला. “आणि तो बाजूचा?”

“बत्तीस इंची. अकरा हजार दोनशे.”

“साडेतीनशे. आणि तो?”

‘तो’ खांबाजवळ एकटाच होता. त्याच्यावरचा पोपट बदकाएवढा होता. “पन्नास इंची,” विक्रेता म्हणाला. “दुकानात दाखवायला ठेवलेला आहे. खोकं नाही, पाठीवर ओरखडा आहे. पंधरा हजारांत देऊन टाकू.”

“तीनशे,” खजिनदार म्हणाला, आणि त्याने चोवीस इंचीकडे पाठ फिरवली.

“आपल्याकडे नऊ आहेत,” डॉक्टरने आठवण करून दिली.

“तुला कळत नाहीये. त्या छोट्यात आपण इंचामागे पंच्याहत्तर रुपयांना बुडतोय.”

“पण इंचच कमी घेतोय ना आपण.”

“बुडीत इंच घेतोय.”

डॉक्टरने बुडीत इंच बोटांवर मोजून पाहिले. लांब्याला प्रश्नच पडला नव्हता. तो केव्हाचा बदकाएवढ्या पोपटासमोर हात जोडल्यासारखा उभा होता.

कमी पडणारे सहा हजार खजिनदाराकडे होते. परीक्षेची फी म्हणून वडिलांनी पाठवलेले. फी भरायला अजून महिना होता आणि तोवर दोघांकडून दोन-दोन हजार येणार होते. उरलेले दोन हजार जुनी पुस्तकं विकून उभे करता येण्यासारखे होते. गणित अगदी चोख होतं. फक्त ते चुकलं असतं तर परीक्षा बुडाली असती, वर्ष गेलं असतं आणि वडिलांसमोर उभं राहून ‘इंचामागे पंच्याहत्तर वाचले’ असं सांगायची वेळ आली असती.

“भिंतीवर मावेल ना?” लांब्याने विचारलं.

“सकाळीच मोजलीय. सहा फूट आहे,” खजिनदार म्हणाला. “पन्नास इंच म्हणजे चार फुटांच्या जरा वर.”

“तेवढाही नाही हो,” विक्रेता म्हणाला. “इंच तिरके मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.”

आपण तिरक्या इंचांचे पैसे देतोय हे कळून खजिनदाराला क्षणभर वाईट वाटलं. पण सगळेच टीव्ही तिरके मोजतात म्हटल्यावर त्याने मन घट्ट केलं. भिंत त्याने मोजली होती, तीही नीट. भिंतीपासून खाट किती लांब आहे, हे मोजायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. ते अंतर तीन फूट होतं.

टीव्ही भिंतीवर चढला. खजिनदार मधल्या खाटेवर बसला, घसा साफ केला आणि बटण दाबलं.

आधी खोलीत समुद्र शिरला. लांब्याने पाय वर घेतले. मग एक देवमासा आला, म्हणजे त्याचा डोळा आला. बाकीचा मासा यायला बराच वेळ लागला. तिघांच्या तोंडावर निळा उजेड पडला होता आणि कुणी श्वासही घेत नव्हतं. असं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

“इंचाला तीनशे रुपयांत,” खजिनदार पुटपुटला.

बातम्या लागल्या तेव्हा जरा अडचण जाणवली. निवेदकाचं तोंड खिडकीएवढं होतं आणि ते तीन फुटांवरून बोलत होतं. त्याने पापण्या मिटल्या-उघडल्या की खालच्या पापणीची आतली बाजू बघायला डॉक्टर पुढे झुकायचा. “याला रक्त कमी आहे,” तो शेवटी म्हणाला. “पालेभाज्या खायला पाहिजेत.” निवेदक पुराबद्दल काय सांगत होता, ते कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सामना होता. डावीकडच्या खाटेवरून गोलंदाज दिसायचा, उजवीकडच्या खाटेवरून फलंदाज. दोन्ही एकदम बघायला मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत फिरवावी लागे, आणि तोवर चेंडू पोचलेला असे. शेवटी त्यांनी कामं वाटून घेतली.

“सुटला,” डावीकडून लांब्या सांगायचा.

“मारला,” उजवीकडून डॉक्टर.

“कुठे गेला?”

“तुझ्या बाजूला आला असेल. बघ.”

मधे बसलेल्या खजिनदाराला फक्त मोकळी खेळपट्टी दिसायची. रिमोट त्याच्या हातात होता, पण मान त्याच्या ताब्यात राहिली नव्हती.

दोनच दिवसांत तिघेही वर्गात एका बाजूला बघत बसू लागले. डॉक्टरने मानेचे व्यायाम नेमून दिले. खाटा मागे सरकवायला जागा नव्हती. मागे थेट दार होतं, दाराबाहेर अरुंद वाट आणि वाटेपलीकडे घरमालकीण काकूंच्या खोलीचं दार. काकू दाराशी मशीन घेऊन दिवसभर कपडे शिवायच्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या टीव्हीच्या आवाजाबद्दल दम द्यायला उठल्या, आणि उठल्या तशाच राहिल्या.

“कुणी दार लावू नका रे,” त्या तिथूनच म्हणाल्या.

लांब्या बघायला गेला तो परत आला नाही. मग डॉक्टर गेला. मग रिमोट घेऊन खजिनदारही गेला. काकूंच्या खोलीतून, दोन उघड्या दारांच्या पलीकडे, टीव्ही चौकटीत जडवल्यासारखा दिसत होता. गोलंदाज दिसत होता, फलंदाज दिसत होता, मधे धावणारा चेंडू दिसत होता, मागे हजारो माणसं दिसत होती. खजिनदाराला आपल्याच टीव्हीची अशी काही भुरळ पडली की आपण दुसऱ्याच्या घरात उभे आहोत हे तो विसरला.

“माझे तीन हजार दे,” लांब्या म्हणाला.

“का? इतका छान दिसतोय.”

“इथून छान दिसतोय. इथून फुकट दिसतोय. खोलीत बसून तीन हजारांत अर्धाच दिसतो.”

“माझेही,” डॉक्टर म्हणाला. “मानेचं वेगळं मागत नाही, मित्र म्हणून.”

अट स्वतःचीच होती. खजिनदाराच्या डोळ्यांसमोर आता फीची शेवटची तारीख पन्नास इंचांत उभी राहिली. दोघांचे सहा हजार द्यायचे, फीचे सहा हजार उभे करायचे, आणि हातात काय, तर एक देवमासा. त्याचा चेहरा बघून काकूंनी मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं.

“केवढ्याचा आहे रे?”

“पंधरा हजार, काकू.”

“वापरलेला?”

“चारच दिवस.”

“वापरलेलाच की मग. बारा देते.”

खजिनदाराला वाकून नमस्कार करावासा वाटला. बारा हजारांत दोघांचे वाटे फिटत होते, फी भरली जात होती, वर्ष वाचत होतं. बुडत होते ते फक्त त्याचे स्वतःचे तीन हजार. कृतज्ञतेच्या भरात तो बाजारात जाऊन चार नवे स्क्रू घेऊन आला आणि काकू दाखवतील त्या जागी, त्यांच्या दारासमोरच्या भिंतीवर, टीव्ही टांगून दिला. काकूंची खोलीही यांच्याएवढीच आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण गिऱ्हाइकाला असं काही सांगत नाहीत.

त्या रात्री जेवून तिघे खाटांवर आडवे झाले, सवयीने रिकाम्या भिंतीकडे वळले, मग आवाजाच्या दिशेने दाराकडे, आणि सावकाश उठून बसले. दोन उघड्या दारांच्या पलीकडे, काकूंच्या भिंतीवर, अख्खा देवमासा पोहत होता. डोक्यापासून शेपटीपर्यंत.

“फुकट,” लांब्या म्हणाला. त्याने हात जोडले.

थोड्याच वेळात खुर्ची सरकवत काकू यांच्याच खोलीत आल्या आणि रिमोट मांडीवर घेऊन बसल्या. “तिकडे मान दुखते,” त्या म्हणाल्या. आपण काकूंना फसवलं असं वाटून खजिनदाराने त्यांना उशी दिली.

एक तारखेला भाडं घ्यायला काकू आल्या. “या महिन्यापासून सहाशे वाढवलेत.”

“का, काकू?” खजिनदाराने विचारलं.

“खिडकीतून समुद्र दिसत असला तर लोक खोलीचं भाडं जास्त देतात की नाही?”

“देतात. पण समुद्र काही मालकाचा नसतो.”

“हा आहे,” काकू म्हणाल्या. “माझी जबरदस्ती नाही हं. दार लावून राहायचं असेल तर जुनंच भाडं.”

खजिनदार ताडकन उठला आणि त्याने दाराची कडी धरली. पलीकडे नेमका समुद्र लागला होता.

“थांब जरा,” लांब्या म्हणाला.

“दार बंद ठेवलं तर हवा खेळत नाही,” डॉक्टर म्हणाला. “आरोग्याचा प्रश्न आहे.”

खजिनदाराने कडी सोडली. शिक्षणाची दोन वर्षं बाकी होती. महिना सहाशे म्हणजे दोन वर्षांचे चौदा हजार चारशे. त्याने हिशेब दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला, आणि मग तो काकूंकडे बघतच राहिला. दुकानातल्या त्या सगळ्या पोपटांकडे, खोलीत शिरलेल्या समुद्राकडेही त्याने असं पाहिलं नव्हतं. काकू नोटा मोजत होत्या.

लांब्याचे गेले चार हजार आठशे, डॉक्टरचे चार हजार आठशे. खजिनदाराचे तेवढे आणि वर बुडालेले तीन हजार. काकूंचे बारा हजार परत आले, टीव्ही मिळाला, वर चोवीसशे रुपये मिळाले. आणि तो टांगायला लागलेल्या चार स्क्रूंचे पैसे मागायचं खजिनदार कृतज्ञतेच्या भरात विसरून गेला होता.