कोठीच्या दाराची घंटी

ज्वारीच्या राशीवरचा राखेचा पंजा लहान झाला आहे, हे ध्यानात आलं तेव्हा सोनाजीराव पाटलांनी कोठीत आपला हात त्याच्यावर धरून पाहिला.

साखरा गावची रीतच होती. कोठीत रास लागली की घरधन्याने ओल्या राखेत हात बुडवून तिच्यावर पंजा उमटवायचा. कुणी दाणे काढले की पंजा मोडतो आणि चोरी उघडी पडते. पाटलांचा पंजा सुपाएवढा. आता राशीवर होता तो निमुळत्या बोटांचा, आणि मनगटापाशी बांगडीची पुसट रेघ.

"चोर बारीक हाय," पाटील बाहेर येऊन म्हणाले. "उपाशी असंल. मनगटात कडं घालतो, म्हंजी पैलवान असंल."

"उपाशी पैलवान?" पाटलीण पार्वतीबाईंनी निवडणं न थांबवता विचारलं.

"तुमाला चोरातलं काय कळतं?"

कौशल्येने, त्यांच्या सुनेने, मांडीवरच्या लेकराला थोपटता थोपटता दोन्ही हात हळूच पदराखाली घेतले.

लेकरू सात महिन्यांचं. हिवतापात कौशल्येचं दूध आटलं, आणि दारातल्या तीन गाईंपैकी एकीचंही दूध त्या इवल्या पोटात ठरेना. पाजलं की ओकायचं आणि आईकडे असं बघायचं, जणू तिनेच काही फसवलंय. शेवटी धनगराच्या चंदाबाईने शेळीचं दूध आणून बोंडल्याने पाजलं, तेव्हा महाराज ढेकर देऊन झोपले. पण पाटलांचा कायदा पक्का होता. ज्याच्या दारात तीन गाई, त्याने शेळीखाली भांडं धरणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं. म्हणून रोज परसदारी अर्धा शेर दूध यायचं, शेरभर ज्वारी जायची, आणि मोडलेला पंजा कौशल्या स्वतःच्या हाताने पुन्हा उमटवायची. हाताला माप असतं, हे तिला सुचलंच नव्हतं.

पाटील हिंगोलीला गेले आणि लालसिंगाला घेऊन आले. लालसिंग घड्याळं आणि बॅटऱ्या दुरुस्त करायचा. त्याने कोठीच्या चौकटीला एक पितळी पट्टी ठोकली, दाराला दुसरी, तारा ओढल्या, कोनाड्यात दोन मोठे सेल ठेवले आणि वर वाटीएवढी घंटी बसवली.

"दरवाजा बंद, तो पट्टी दूर. दरवाजा खुला, पट्टी को पट्टी लगी, घंटी चालू. बंद करे तक बजती रहेगी," तो म्हणाला. "इधर एक खटका लगा दूँ? घर के लोग जाएंगे तो बंद रखना."

"खटका नको," पाटील म्हणाले. "जी बंद ठिवता येती ती राखन कसली?"

"लेकिन पाटील, ये घंटी चोर को नहीं पहचानती. दरवाजे को पहचानती है."

"वळखंल हळूहळू."

लालसिंगाने हात जोडले आणि तो जेवायला बसला.

पहिल्या दिवशी घंटी वाजली तेव्हा अर्धी गल्ली काठ्या घेऊन धावली. कोठीत पार्वतीबाई तुरीची डाळ काढत होत्या. पाटलांनी खुश होऊन सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्यांदा मीठ निघालं, चार माणसं आली. तिसऱ्यांदा तेल निघालं, तेव्हा शेजारचा म्हातारा ग्यानबा आपल्या ओट्यावरूनच ओरडला, "काय निघालं?"

"तेल!" पाटलांनी उत्तर दिलं.

तेव्हापासून तोच शिरस्ता पडला. घंटी वाजायची, गल्ली विचारायची, घरातून जाब जायचा. दोन दिवसांत पाटलांच्या घरात काय शिजतं हे साऱ्या साखऱ्याला पाठ झालं. पाणवठ्यावर गल्लीतल्या शकुबाईने पार्वतीबाईंना गाठलं.

"काहून वो काकू, काल तेल चारदा निघालं. पाव्हने होते का?"

"न्हाई बाई."

"मंग आमाला तर वाटलं भजे असतील. यांनी वास घेऊन घेऊन जीव दिला."

घरी येऊन पार्वतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "चोर आला असता तर ज्वारी नेली असती. ह्या घंटीनं इज्जत नेली."

"सवय होईल," पाटील म्हणाले. त्यांना वाटत होतं, घंटीचा धाक बसला. राशीवर त्यांनी नव्याने उमटवलेला पंजा जसाच्या तसा होता.

होता, कारण कौशल्येची कोठीत पाऊल ठेवायची हिंमत नव्हती. चंदाबाईने दोन दिवस तसंच दूध घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या हाताने परसदारी येऊन उभी राहिली.

"वैनी, मला बी वाईट वाटून राहिलं. पन घरात भाकरीला पीठ न्हाई. माझा पोरगा वसराम म्हनतो, दूध हिंगोलीच्या हाटेलवाल्याला घाल, तो रोख देतो."

"आजच्या दिस घाल बाई."

"आज ज्वारी द्या, आत्ता जाऊन काढून आनते. शेळी बांधावरच हाय."

सकाळी पाजलेलं गाईचं दूध लेकराने ओकून टाकलं होतं. आता ते रडतही नव्हतं, नुसतं मूठ चोखत होतं. ती चोखलेली, ओली, पांढरी पडलेली बोटं कौशल्येने पाहिली. तिने लेकरू चंदाबाईच्या हातात दिलं, सूप उचललं आणि कोठीचं दार सताड उघडलं.

घंटी कडाडली.

"काय निघालं?" गल्लीतून ग्यानबा.

ओसरीवर पाटील लोडाला टेकले होते. "सूनबाई, काय निघालं?"

"ज्वारी," आतून कौशल्या म्हणाली.

"ज्वारी!" पाटलांनी गल्लीला कळवलं. मग त्यांना शंका आली. "दळन तर चार दिसांखालीच झालं. कशाला?"

घंटी डोक्यात घण घातल्यासारखी वाजत होती. कौशल्येने सूप भरलं आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्यापुढे आवाज चढवला, कारण त्याशिवाय ऐकूच जाणार नव्हतं. "शेळीच्या दुधाला, मामंजी. लेकराला दुसरं काई पचत न्हाई. दोन महिने झाले, मीच नेऊन राहिले."

"काय?" गल्ली म्हणाली. "काय निघालं?"

"शेळी!" कुणीतरी सांगितलं.

"कोठीतून?"

काठ्या न घेताच माणसं जमली. पाटील तांबडेलाल होऊन उठले. "आमच्या घरात शेळीचं दूध? सात पिढ्यांत कोनी..." पुढचं घंटीने खाल्लं. ग्यानबाही काठी टेकत दारात आला होता आणि कानाला हात लावून, पाटलांना ऐकू जावं म्हणून जीव खाऊन काहीतरी ओरडत होता. पाटील वैतागले. ताडकन पुढे झाले आणि त्यांनी कोठीचं दार ओढून लावलं.

घंटी थांबली. त्या लख्ख शांततेत ग्यानबाचं वाक्य साऱ्या गल्लीने ऐकलं.

"...तू बी शेळीच्याच दुधावर जगलास की लेका! तुझ्या मायनं दीड वर्स पाजलं! ह्या चंदाच्या आजीची शेळी व्हती!"

कुणी हसलं नाही, म्हणून जास्तच वाईट झालं. पार्वतीबाईंनी तोंडाला पदर लावला. कोठीच्या आतून सुपातले दाणे सांडल्याचा आवाज आला.

पाटलांनी दार पुन्हा उघडलं नाही. घंटी वाजली असती. आतल्या सुनेला ते फटीतून दबक्या आवाजात म्हणाले, "किती लागती ज्वारी?"

"शेरभर, मामंजी."

"दोन शेर घे. आनि निघताना पटकन निघ."

मग ते चंदाबाईकडे वळले. तिच्या खांद्यावर लेकरू मूठ चोखत पडलं होतं. पाटलांनी त्याची ओली मूठ आपल्या बोटाने हळूच सोडवली. लेकराने ते बोटच धरून तोंडात घातलं आणि चोखायला लागलं. पाटलांनी बोट काढून घेतलं नाही.

"शेळी इथंच आनून बांध परसात," ते म्हणाले. "चारा आपला. पन गावात बोलू नको."

चंदाबाईने दारातल्या तीस माणसांकडे बघितलं.

"मी कशाला बोलू, मालक," ती म्हणाली. "मला इचारनारं हाय कोन आता?"