हणमंततात्यांचा मेळ

आमच्या शेजारच्या हणमंततात्यांनी गेल्या लग्नसराईत साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात भरली पंगत थांबवली. भांडण नव्हतं, मानपानही नव्हता. नवरीचा चुलता धावत आला, तर तात्या शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमचा वाढपी लय जोरात हाय, आन् खाणारं म्हातारं. पयला भात संपंना तवर दुसरा पडतोय. मेळ न्हाई." मग किती वेगाने वाढायचं, हे त्यांनी पंगतीतून चालून दाखवलं. मी जिलबीकडे बघत बसलो.

तात्यांची सगळी नोकरी फौजेत, डोंगरात ट्रक चालवण्यात गेली. पण हे खूळ तिथलं नाही. मुलगा हैदराबादला नोकरीला गेला आणि गेम खेळायचा कॉम्प्युटर घरी ठेवून गेला, तेव्हापासूनचं आहे. तात्यांनी त्यात बर्फाच्या डोंगरांतून ट्रक चालवायचा एक गेम शोधून काढला. स्वतः मात्र खेळत नाहीत. चित्र फाटतंय का, एवढंच नाक लावून बघतात.

मी बँकेत आहे, म्हणून मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा त्यांचा समज. "आवं साहेब, आतलं चित्राचं कार्ड सेकंदाला नव्वद चित्रं बनवतंय आन् मॉनिटर साठच दावतोय. मग अर्धं ह्या चित्राचं, अर्धं त्या चित्राचं एकदम दिसतंय. ट्रकचं तोंड हिकडं, बूड तिकडं. आख्खा घाट बिनझटक्याचा चढला पायजे."

"का पण?"

"पायजे."

झालं. पोवई नाक्यावरच्या एका दुकानदाराने त्यांच्या गळ्यात जास्त हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं दाखवणारा मॉनिटर मारला. रिक्षात तो मांडीवर घेऊन तात्यांनी प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला दम भरला. घरी लावला, तर चित्र तसंच फाटकं. मग दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. शेवटी सेटिंग उघडलं, तेव्हा कळलं की नवा मॉनिटर साठवरच चालत होता. ते बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "नवी गाडी आन् आमी पयल्या गेरात पळवतोय," तात्या म्हणाले आणि त्यांनी आकडा पार वर नेला. आता मॉनिटर पुढे आणि कार्ड मागे पडलं. अखेर त्यांनी मॉनिटर पुन्हा साठवर आणला, कार्डालाही साठचा लगाम घातला आणि समाधानाने मिशी पुसली.

"म्हणजे जुना मॉनिटर चालला असता की," मी म्हणालो. आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं.

पण घाटात कार्डाला साठही झेपेना. तात्यांनी आधी सावल्या काढल्या, मग ढग काढले आणि शेवटी झाडांवर आले. गल्लीतली पोरं गेममध्ये पानन् पान दिसावं म्हणून धडपडतात, तात्यांनी अख्खं देवदाराचं जंगल साफ केलं. मी म्हणालो, "तात्या, वनखात्याची माणसं येतील हं." ते हसले नाहीत. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

रविवारी सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. जाऊन बघतो तो खुर्चीत तात्यांची बायको, कमळाकाकू. मुलाचं खेळण्यातलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलेलं. शेजारी तात्या उभे, एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एसटी घाटाला लागली की काकूंना उलट्या सुरू होतात. कोयनानगरच्या पुढे घाटाखाली सख्खी बहीण आहे, पण घाटाच्या धास्तीने तिच्याकडेही त्या जात नाहीत. तात्यांना डोंगरात क्वार्टर मिळाली होती, तेव्हा एकदा निघाल्या होत्या. घाटाच्या पायथ्याशीच इतकी तब्येत बिघडली, की तात्यांनी त्यांना परत आणून सोडलं. नंतर सगळी नोकरी त्यांनी तिकडे एकट्याने काढली.

"गरगरतंय का?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई."

वळण आलं, गेलं. दुसरं आलं. तात्या लिंबू पुढे करत होते, काकू मानेनेच नको म्हणत होत्या. चित्र कुठे फाटलं नाही.

"तुमी तर म्हणायचा, लय झाडं हायती तिकडं."

"व्हती. काढली मी."

"आन् ती का?"

"झाडं असली की चित्र झटकं खातंय. तुला गरगरलं असतं."

उघडेबोडके डोंगर बघत काकूंनी ट्रक आणखी थोडा वर नेला.

"तुमची खोली कुठं व्हती?"

तात्या स्क्रीनकडे वाकले. गेममधला घाट त्यांचा नव्हताच, कुठल्या तरी परदेशातला होता. तरी एका वळणावर त्यांनी बोट ठेवलं. "असंच वळण व्हतं. हितं."

काकूंनी ट्रक बाजूला घेतला आणि थांबवला. समोर नुसता दगड आणि बर्फ. मी हळूच दाराकडे वळलो. त्या दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

काकूंनी पदर सारखा केला.

"आले बघा," त्या म्हणाल्या. "लय उशीर झाला."