पाळी माझी, घड्याळ आप्पाचं

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. या वयात कोणी विहिरीत उतरत नाही. मी उतरलो. कारण माझ्या मोटारीच्या पाइपाला हिलालआप्पाच्या घड्याळाचा दोर गुंडाळला गेला होता. आणि वर काठावर उभा राहून आप्पा मलाच सांगत होता, "हळू रे भो, काच जुनी शे तिन्ही!"

हिलालआप्पा माझा चुलतभाऊ, दोन वर्षांनी मोठा. सारंगखेड्याच्या शिवारात आमची दोघांची मिळून एक विहीर. एक दिवस पाणी त्याच्या केळीला, एक दिवस माझ्या. आजोबांपासून ही पाळी चालत आलेली, कधी भांडण नाही. अवदसा आली ती घड्याळांपायी.

पाणबुडे समुद्रात उतरताना मनगटावर बांधतात, ती घड्याळं. जाड काच, फिरती कडी, अंधारात हिरवे चमकणारे काटे. आप्पा ती जमवतो. नवी नाहीत, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, ज्यांचे कारखानेसुद्धा बंद पडले. भावनगरकडे जुनी जहाजं मोडतात, तिथल्या भंगारवाल्यांशी याचा दोस्ताना. एखादं फ्रान्सचं घड्याळ हाती लागलं की आठवडाभर गावात सांगत फिरतो, "आख्ख्या खान्देशमा दुसरी नही!"

अरे, पहिलीची तरी कोणाला गरज होती?

आणि हा माणूस तापीत कधी गुडघ्यापेक्षा खोल गेलेला नाही. पोहता येत नाही. अंघोळीला बसतानासुद्धा घड्याळ काढून खुंटीला लावतो. का, तर म्हणे, "साबण लागस तिले." मग अशा घड्याळाची परीक्षा कुठे घ्यायची? विहिरीत! दोराला दगड, दगडाला घड्याळ, दिलं खाली सोडून. "दखू, दम धरस का नही."

घड्याळ तळाशी दम धरून बसतं, आप्पा काठावर बिडी ओढत बसतो, आणि मी मोटारीच्या बटनापाशी दातओठ खात उभा. लाईट असते थोडा वेळ. मोटार चालू करावी तर दोर ओढला जातो.

"आप्पा, काढ तुन्ही घडी! केयी सुकी ऱ्हायनी मन्ही!"

"थांब ना भो. आते तं बुडनी ती."

"तिन्हा मांगे तुले बी सोडू का?"

"माले पोहता येत नही."

अशा माणसाशी काय बोलायचं? आणि हे सगळं माझ्याच पाळीला. त्याच्या पाळीला विहीर मोकळी. मी समजलो, मुद्दाम करतो. भाऊबंदकी. माझी केळी करपावी म्हणून.

पाइपाला गुंडाळलेला दोर कापून घड्याळ घेऊन वर आलो, त्याच दिवशी ठरवलं, पुरे. शहाद्याच्या बोरवाल्याला फोन केला, उद्या गाडी आण. आपली बोर, आपलं पाणी. विहीर आप्पाला लखलाभ. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर मुद्दाम सांगायला गेलो. वहिनी जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा सुरतला. आप्पा धोतराच्या सोग्यानं तेच घड्याळ पुसत बसला होता.

"उद्या बोर करी ऱ्हायनू," मी म्हटलं. "आते टाक तुन्ह्या घड्या हिरमा, दिवसभर."

त्याचा हात थांबला.

"आणि एक सांग. मन्हीच पाळीले कसाले? तुन्ही पाळीले हिर काय आटी जास?"

आप्पानं घड्याळाची कडी फिरवली. मग खाली बघूनच म्हणाला, "मन्ही पाळीले तठे कोण येस भो? बटन दाबं का मी एकटा. तुन्ही पाळीले तू येस. शिव्या देस. दिवस जास."

मला असा राग आला! सरळ सांगायचं ना, लेका! ये, बस, म्हणायला काय फ्रान्सचं घड्याळ लागतं? केळीची एक ओळ करपली माझी त्यापायी. चहा न घेता उठून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरवाल्याला फोन केला, येऊ नको. पाळी आप्पाची होती, माझं विहिरीवर काही काम नव्हतं. तरी गेलो. तो काठावर एकटाच बसलेला, दोर गुंडाळून बाजूला ठेवलेला. मी लांबूनच ओरडलो,

"आप्पा, आज घडी कसाले नही सोडी रे?"