सांध्यांत मुरवलेलं तेल

भिंगारात विषमुक्त भाजीवर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा माणूस एकच. तो म्हणजे मी! हे मी नाही म्हणत, आमचा 'विषमुक्त परसबाग' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणतो. आता त्या ग्रुपचा ॲडमिनही मीच आहे, हा भाग वेगळा. हायस्कूलात विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो आणि ऐकायला वर्ग उरला नाही म्हणून ग्रुप काढला, असं आमच्या इंदूचं मत आहे. बायकोची मतं मी मनावर घेत नाही. ती घ्यायला लावते.

तर यंदा उन्हाळ्यात मी ठरवलं, अंगणात लाकडी वाफे करायचे. म्हणजे फळ्यांच्या बिनबुडाच्या पेट्या, गुडघ्याएवढ्या उंच. आत माती आणि शेणखत, वर पालक-मेथी. कंबर वाकवायला नको! एमआयडीसीत ज्या खोक्यांतून मशीन येतात, त्यांच्या पाइनच्या फळ्या मी भंगारातून आणल्या, ठोकठोक करून पेट्या उभ्या केल्या, आत माती भरली आणि ग्रुपवर फोटो टाकला. टाळ्यांचा, बदामांचा नुसता पाऊस! आणि त्या पावसात शेजारच्या मच्छिंद्रचा एक मेसेज : 'सर, वाळवी खानार.'

मच्छिंद्रचं पाथर्डी रोडला गॅरेज. मेसेज वाचून होतोय तोच त्याचं डोकं आमच्या मधल्या भिंतीवरून वर आलं.

"सर, गाड्यांचं जळकं ऑइल देतो ना! दोन हात मारा. आमच्या गावाकडं गोठ्याच्या मेढी, फाटक, समदं त्याच्यावरच उभं हाय."

"आणि त्या मातीतली मेथी कोण खाणार? तुझं इंजिन?"

"ऑइल लाकडात मुरतंय वो. मेथी कशाला पिती?"

मी लगेच ग्रुपवर लिहिलं, 'कर्करोगाचे दूत आपल्यातच वावरत आहेत. सावध!' नाव घेतलं नाही. मी सुसंस्कृत माणूस आहे. खाली फक्त गॅरेजचं चित्र टाकलं.

त्याच झोकात मी जाहीर करून बसलो, की येत्या रविवारी आमच्या अंगणात लाकडाच्या विषमुक्त संरक्षणाचं प्रात्यक्षिक होईल. ते संरक्षण नेमकं कशानं करायचं, हे मात्र अजून शोधायचं होतं!

रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर डबा ठेवला. डब्यावर कवटी!

"अहो, भाजीच्या वाफ्याला लावायचंय!"

"मग जरा पातळ करून लावा," तो शांतपणे म्हणाला.

शेवटी मोबाईलवर डोळे फुटेस्तोवर वाचून मला उत्तर सापडलं. अळशीचं तेल! खायचं तेल, विष नाही, लाकूड ते पितं आणि वर कडक थर धरतं. मी विजयी मुद्रेनं इंदूला सांगितलं.

"अळशी म्हणजे जवसच ना? चटणीतलं?" ती म्हणाली. "मग दुकानातून आल्यापासून काय शोधत होतात?"

पण एक मेख होती. लाकडाला उकळलेलं तेल लावा, लवकर वाळतं, असं लिहिलेलं. आणि बाजारातल्या 'उकळलेल्या' तेलात वाळण्यासाठी धातूंची रसायनं घातलेली असतात, असंही लिहिलेलं. म्हणजे पुन्हा विष! मग घाण्यावरून साधं तेल आणून आपणच का उकळू नये? विज्ञानाचा मास्तर आहे मी!

इंदूच्या कढईत तेल तापायला लागलं आणि घरभर असा वास सुटला, की जणू रंगाच्या दुकानात कुणी बोंबील तळतंय!

"कढई घेऊन बाहेर व्हा," इंदू नाकाला पदर लावून म्हणाली. "आणि ती कढई परत आत आणू नका."

मी अंगणात विटांची चूल मांडली. तेवढ्यात ग्रुपातल्या एकाचा फोन आला, की पद्धत जरा आधीच सांगा. फोनवरही माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"तेल कोमट घ्यायचं! सांध्यांत बोटानं चांगलं मुरवायचं! एक हात वाळला की दुसरा. मग वीस वर्षं सांध्यांकडं बघायला नको!"

फोन ठेवतो तर समोरच्या केशरबाई दारात. निवृत्त सुभेदारांच्या पत्नी. हातात वाटी.

"भाऊ, मला बी वाईच तेल द्या की."

"घ्या की! काय, फार जुनं झालंय?"

"लई. उठता-बसता नुसतं करकर वाजतंय बगा."

त्यांच्या ओट्यावरची खुर्ची माझ्या डोळ्यांपुढं आली. मी वाटी काठोकाठ भरली. "जाड थर द्या. आणि वरून कापड घट्ट गुंडाळून ठेवा, धूळ बसता कामा नये."

"देव तुमचं भलं करो," म्हणत त्या लंगडत गेल्या. लंगडत! पण माझं लक्ष कढईकडं.

शनिवारी फळ्यांना पहिला हात मारला, रविवारी सकाळी उठल्या उठल्या दुसरा. इंदूच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या तेलानं थबथबल्या होत्या. पाहुण्यांना पसारा दिसू नये म्हणून मी त्यांचे बोळे करून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात दाबून कोंबले आणि खोका दोन वाफ्यांच्या मधे सारला. भर उन्हात.

अकराच्या सुमाराला अंगण भरलं. भिंतीवर मच्छिंद्रचं डोकंही होतं. मी घसा खाकरला, नैसर्गिक तेलांची थोरवी सुरू केली, आणि फाटक वाजलं.

केशरबाई येत होत्या. गुडघे न वाकवता. लाकडी बाहुलीला किल्ली दिल्यासारख्या! एका बाजूनं सुभेदारांनी धरलेलं.

"भाऊ! लुगडं सुटंना!"

"कुठून सुटेना?"

"गुडघ्यांपासनं! फडकं आतच चिकटलं, त्याच्यावर लुगडं चिकटलं, कातडं निस्तं ओढतंय!"

"तुम्ही गुडघ्यांना लावलंत?"

"मग काय कपाळाला लावू? सांध्यांत मुरवा म्हनलं कोन?"

"अहो, ते लाकडाचे सांधे!"

"म्हंजी माझं गुडघं लाकडाचं?"

"आता हायेतच," सुभेदार म्हणाले. "सावधान सोडून दुसरी पोझिशनच न्हाई तिला."

सगळा ग्रुप खदखदून हसला. मच्छिंद्र तर भिंतीवरून पडता पडता राहिला! इंदू केशरबाईंना धरून आत न्यायला निघाली. पण मी हरणारा नव्हे. हात उंचावून म्हणालो, "पाहिलंत? तेल वाळून किती पक्कं बसतं, त्याचा हा जिवंत पुरावा! आणि धोका? शून्य!"

माझ्या पाठीमागून धुराची एक रेघ वर आली.

"सर, हा धूर कशाचा?" एकीनं विचारलं.

मला काय माहीत! पण पस्तीसभर माणसांपुढं 'माहीत नाही' म्हणायची मला सवय नाही. "डासांसाठी," मी म्हणालो. "नैसर्गिक."

सगळ्यांनी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. तेवढ्यात खोक्यातून ज्वाळ निघाली.

"आणि हे सर?"

"पाणी!" मी ओरडलो. कुणीही मोबाईल खाली ठेवला नाही. धावला तो मच्छिंद्र. भिंतीवरून उडी मारून आला, हाताला लागलेला कॅन उचलला आणि आगीवर भसकन रिकामा केला. त्यात माझं उरलेलं तेल होतं! भडका असा उठला, की ग्रुप फाटकाबाहेर आणि माझा चष्मा वाफ्यात.

"कॅनवर नाव तरी लिहा की वो!" मच्छिंद्र किंचाळला.

केशरबाईंना दारात टेकवून इंदू परत धावली. वाफ्यातलीच माती घमेल्यानं भराभर आगीवर फेकायला लागली. सुभेदारही लागले. धूर विरला तेव्हा माझे वाफे चुलीतल्या लाकडासारखे काळेठिक्कर उभे होते, आणि मी त्यांच्यासारखाच.

इंदूनं घमेलं खाली ठेवलं. "तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, घेताना तापतं, आणि चिंध्यांचा बोळा असला तर आपोआप पेटतं. तुम्ही आठवीला हेच शिकवत होतात ना?"

"दहावीला," मी म्हणालो.

केशरबाईंचे गुडघे खोबरेल चोळून आणि कोमट पाण्यानं शेकून इंदूनं सोडवले. मी माफी मागायला गेलो, तर त्यांनी मला बघून आधी लुगडं सावरलं आणि मग दार लावलं. मच्छिंद्रनं कुणाकडून तरी व्हिडिओ मिळवून ग्रुपवर टाकला. नाव घेतलं नाही. तोही सुसंस्कृत निघाला.

मी ग्रुप बंदच करणार होतो. एवढ्यात एकाचा मेसेज आला : 'सर, लाकूड वरून जाळून टिकवायची ही जपानी पद्धत ना? वरचा थर कोळसा झाला की कीड लवकर लागत नाही. रसायन नाही, काही नाही. ग्रेट!'

मी दोनदा वाचला. मग लिहिलं, 'शेवटी एकानं तरी ओळखलं.'

पुन्हा बदामांचा पाऊस! मिरजगावच्या एका शेतकरी गटानं तर मला प्रात्यक्षिकाला बोलावलंय. त्यांनी विचारलं, 'सर, लाकूड नेमकं किती जाळायचं?' मी अनुभवानं लिहिलं, 'शेजारी उडी मारून येईपर्यंत.'

जायचं नक्की झालंय. इंदूनं एकच अट घातलीय, की तिथं कुणाला आपला पत्ता द्यायचा नाही.