कै. बिरप्पाच्या जागी

बिरप्पाच्या डोक्यावर कावळा बसला तो भर दुपारी, माळवदावर, आणि त्या वेळी त्याच्या गळ्यात लाल गिटार होती. दुसऱ्या दिवशी मिलच्या मैदानावर कार्यक्रम होता आणि त्याची तयारी चालली होती. कावळा आला, टाळूवर टेकला, एक टोच मारून उडून गेला. बिरप्पानं मान झटकली आणि पुन्हा वाजवायला सुरुवात केली. प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण खाली अंगणात त्याची आई केराबाई बाजरी निवडत बसली होती आणि नेमकं त्याच वेळी तिनं वर पाहिलं.

"आगं आई गं! कावळा शिवला की माझ्या लेकराला!" सूप पालथं झालं, बाजरी अंगणभर सांडली.

"शिवला न्हाय, बसला," बिरप्पा वरून म्हणाला. "केस बघून घरटं वाटलं आसंल त्याला."

केस खांद्यापर्यंत होते हे खरंच. बिरप्पा काही साधासुधा वाजवणारा नव्हता. महिपतीच्या 'तारांगण' ऑर्केस्ट्रात तो रॉकवाला होता. मध्यंतराच्या आधी त्याचा एक खास आयटम असे. दिवे लाल व्हायचे, बिरप्पा गुडघ्यावर बसायचा, गिटार मानेमागं घेऊन वाजवायचा आणि मिलचे कामगार शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घ्यायचे. दुधनीपासून करमाळ्यापर्यंत त्याचं नाव होतं. घरात तीन गिटारी होत्या. पहिली रेल्वे लाइनीतल्या एका गोऱ्या गार्डानं सोलापूर सोडताना दिलेली. दुसरी मोडलेल्या नाटक कंपनीच्या सामानातली. आणि तिसरी ही लाल, विजेवर वाजणारी, सुतारानं जुन्या हातमागाच्या लाकडातून कापलेली. बिरप्पाच्या बापाची घोंगडी आणि काठी ज्या खुंट्यांवर टांगलेली असे, त्यांवर आता गिटारी होत्या. बापाची मेंढरं कुठं गेली, हे त्या घरात कुणी विचारत नसे.

आता कावळा शिवला म्हणजे मरण आलं, आणि त्यावर आपल्याकडं पूर्वीपासून एकच उतारा. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या नातलगाला धाडायची. ते नातलग पोटभर रडलं की मरण येऊन गेलं असं धरायचं, आणि मग लगेच खरं सांगून टाकायचं. खेडोपाडी हे सर्रास चालायचं. अडचण एवढीच, की रडणाऱ्या माणसाला खरं रडावं लागतं. केराबाई माणसं शोधायला लागली.

"आण्णाला धाडू का सांगावा? चुलता हाय सख्खा," बिरप्पानं सुचवलं.

"त्यो रडंल व्हय? मेंढरं इकलीस तवापास्नं तुजं नाव काडलं की थुकतोय त्यो."

"मग मामा?"

"मामा आदी इचारंल, गिटारी कुनाला द्यायच्या."

 सगळं सोलापूर ज्याच्यासाठी उभं राहून शिट्ट्या मारतं, त्याच्यासाठी रडायला घरात एक माणूस सापडू नये, हे बिरप्पाला फार लागलं. शेवटी केराबाईलाच आठवलं. "बाळाबाई रडंल. लहानपणी तुला काखंला मारून मेंढरामागं हिंडलीय ती."

बाळाबाई म्हणजे बिरप्पाची आत्या. ती दुधनीच्या स्टँडवर शेंगा विकायची. गल्लीतलाच ज्ञानबा दुधनीच्या गाडीवर कंडक्टर होता. केराबाईनं त्याला उंबऱ्यात बसवून पाठ दिला.

"आदी म्हनायचं, गेला. मग रडू द्यायचं. रडून झालं की म्हनायचं, जिता हाय."

"मदी किती थांबू?" ज्ञानबा शिस्तीचा माणूस.

"डोळं पुसस्तोवर."

ज्ञानबा निघाला, आणि केराबाईनं बिरप्पाला आतल्या खोलीत घालून कडी लावली. ज्ञानबा परत येईपर्यंत त्यानं कुणाच्या दृष्टीस पडायचं नाही. मेलेलं माणूस गावात हिंडताना दिसलं तर उताऱ्याला काय अर्थ? "संध्याकाळी तालीम हाय माझी," बिरप्पा आतून ओरडला. पण दार काही त्यानं फार जोरात ठोकलं नाही. कावळ्याची थोडी धास्ती त्यालाही बसलीच होती.

दुधनीला ज्ञानबानं अर्धं काम चोख केलं. "बाळाआत्या, बिरप्पा गेला," तो म्हणाला, आणि रडण्याची वाट बघत उभा राहिला. बाळाबाई रडली नाही. तिनं ज्ञानबाकडं बघितलं, शेंगांच्या ढिगावर हात टेकला आणि डोळे पांढरे करून तिथंच आडवी झाली. बायका धावल्या, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. ज्ञानबा वाट बघतोय. तिकडं गाडी भरलेली आणि ड्रायव्हरचा हात हॉर्नवर. बेशुद्ध माणसाला 'जिता हाय' सांगून उपयोग काय? पुढच्या गावाहून परत येताना सांगू, असा विचार करून त्यानं डबल घंटी मारली.

परत आला तर बाळाबाई नव्हती. शुद्धीवर येऊन तिनं असा काही टाहो फोडला होता, की निम्मा बाजार गोळा झाला. मग भाऊबंदांना घेऊन ती मिरचीच्या ट्रकात बसून सोलापूरला निघून गेली होती. आणि त्या बाजारातच ती मंडळी होती ज्यांनी जत्रेसाठी 'तारांगण' ठरवला होता. त्यांनी पोस्टातून महिपतीला ट्रंककॉल लावला. रॉकवालाच गेला म्हणता, मग आमच्या जत्रेचं काय?

ट्रक गल्लीत शिरला तो रडतच शिरला. बिरप्पा आत खुंट्यांखाली बसून ऐकत होता.

"अय्यो, माझ्या राजा! कुटं गेलास रं! आसं कसं वाजवत व्हतास रं, मला काई कळत न्हवतं, पर मी समद्यांना सांगायची, ह्यो माझा भाचा म्हनून!"

"बाळाबाई, आगं जिता हाय त्यो!" केराबाई तिला हलवत होती. "देवाशप्पत, जिता हाय!"

"बिचारीचं डोकं फिरलं," कुणीतरी हळूच म्हणालं. "पानी पाजा तिला." चार बायकांनी केराबाईलाच धरून खाली बसवलं. ती जितकी ओरडून सांगे, तितका रडण्याला जोर चढे. आत्याचा तो आवाज ऐकून बिरप्पा उठून दाराशी आला. एवढ्या वर्षांत त्याच्या वाजवण्याबद्दल घरातल्या कुणी तोंडातून चांगला शब्द काढलेला त्यानं ऐकला नव्हता. त्याला राहवेना. कडी बाहेरून होती, ती खिळखिळी करून तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"आत्या, मी हाय गं."

 आत्यानं पायातली वहाण काढली. आधी तिनं त्याला मारलं, मग पोटाशी धरलं, मग आठवण झाली म्हणून पुन्हा मारलं. केराबाईनं देवापुढं साखर ठेवली. सगळं ठीक झालं असं सगळ्यांना वाटलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून टांगा आला. टांग्यावर कर्णा होता.

"सोलापूरचा लाडका रॉकवाला, कैलासवासी बिरप्पा यांना 'तारांगण'ची श्रद्धांजली! उद्या संध्याकाळी, मिलच्या मैदानावर!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच बिरप्पा डोक्यावरून बापाची घोंगडी घेऊन महिपतीच्या खोलीवर गेला. महिपती ऑर्केस्ट्राचा मालक, गायक आणि निवेदक, तिन्ही एकटाच. बिरप्पानं घोंगडी काढली तसा तो खुर्चीसकट मागं सरकला आणि मारुतीचं नाव घ्यायला लागला. बिरप्पानं कावळ्यापासून सगळं सांगितलं. महिपतीनं त्याचे हात चाचपून बघितले. ते गरम आहेत असं कळल्यावर त्याची भीती गेली आणि राग आला.

"आरं, आता जिता व्हायची ही येळ हाय व्हय?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय? सकाळी आठाला तिकिटं खलास झाली. आपल्या जन्मात कधी झाली व्हती? आज 'बिरप्पा जिता हाय' म्हनून सांगितलं तर लोक खुर्च्या फोडतील. म्हनतील, तिकिटं खपवायला मारला. पुन्ना कोन उभं करंल आपल्याला?"

बिरप्पाला हे पटलं नाही, पण खोटं आहे असंही म्हणता येईना. कोपऱ्यात महिपतीचा मेव्हणा येडू उभा होता. तो खुळखुळा वाजवायचा. बिरप्पाच्या जागेवर त्याचा किती वर्षांपासून डोळा आहे हे सगळ्या ऑर्केस्ट्राला माहीत होतं.

"काळजी करू नका, दाजी," येडू म्हणाला. "न्हाईतरी आज मी वाजवनारच हाय." आणि त्यानं पलंगाखालून एक कोरी गिटार काढली. ती तिथं कधीपासून होती, कुणास ठाऊक.

बिरप्पानं ती वरून खालपर्यंत बघितली. गिटार सोडली तर जगात त्याचं होतं काय? "माझ्या जागेवर मीच वाजवनार," तो म्हणाला.

"वाजव की! नवा पोरगा म्हनून वाजव," महिपती एकदम मऊ झाला. "एक दिवस फकस्त मेलेला रहा. आईतवारी मीच जाहीर करतो, देव पावला म्हनून. फक्त केस काप. आन गुडघ्यावर बसायचं न्हाय, वळखतील. आन तुज्या तिन्ही गिटारी धाडून दे. मधल्या खुर्चीवर हार घालून ठेवायच्या हायेत."

"मग मी वाजवू काय?"

महिपतीनं येडूच्या हातातली कोरी गिटार काढून बिरप्पाला दिली. येडूनं असं काही बघितलं, की बिरप्पाला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं. दुपारी न्हाव्यानं केस कापले. आरशात एक कारकून दिसला. आत्यानं ते केस पदरात गोळा केले आणि पुन्हा रडली.

मैदान माणसांनी फुललं होतं. मंचाच्या मधोमध खुर्चीवर लाल गिटार, दोन बाजूंना दुसऱ्या दोघी, तिघींना झेंडूचे हार. बिरप्पा मागच्या रांगेत, व्हायोलिनवाल्यांच्या आड पांढरा शर्ट घालून बसला होता. महिपतीनं भाषण केलं. बिरप्पाला मुंबईहून कितीदा बोलावणं आलं आणि सोलापूरच्या प्रेमापायी त्यानं ते कसं धुडकावलं. रेल्वेच्या साहेबानं ती गिटार देताना त्याचे हात कसे डोळ्यांना लावले. हातमागाच्या लाकडाला त्यानं वाचा कशी दिली. यातलं निम्मं बिरप्पालाही नवीन होतं, पण ऐकताना त्याचा ऊर भरून आला. पहिल्या रांगेत आत्या पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. बिरप्पा जिवंत आहे हे तिला ठाऊक होतं, पण भाषणच तसं होतं.

मग रॉकचा आयटम आला. बिरप्पानं डोळे मिटले. काल मेलेल्या माणसाला काय भीती? जन्मात कधी वाजवलं नव्हतं असं त्यानं वाजवलं. बोटं फुटली, येडूच्या कोऱ्या गिटारीची एक तार तुटली, तरी उरलेल्या तारांवर त्यानं शेवट केला. व्हायोलिनवाले वळून बघायला लागले. त्याला स्वतःलाच कळलं, की आज काहीतरी झालं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, सावकाश आणि मान खाली घालून. शिट्टी एकही नाही.

मध्यंतरात तो चहाच्या गाडीवर गेला. शेजारी दोन माग कामगार बशीतून चहा पीत होते. बिरप्पानं न राहवून विचारलं, "कसा काय वाटला नवा गिटारवाला?"

"बरा हाय. शिकंल हळूहळू," एक जण म्हणाला.

"पर त्याची सर न्हाय," दुसरा म्हणाला. "आरं, त्यो वाजवायचा तवा अंगावर काटा यायचा. ह्याच्या हातात जीवच न्हाय."

"आवो, त्योच हाय मी!" बिरप्पा ओरडला. "बिरप्पा! मीच!"

दोघांनी त्याच्या बारीक कापलेल्या डोक्याकडं बघितलं, पांढऱ्या शर्टाकडं बघितलं. पहिल्यानं बशी खाली ठेवली आणि शांतपणे बिरप्पाच्या कानाखाली वाजवली.

"त्याची राख पन गार झाली नसंल, आन त्याच्या नावानं मिरवतोस? लाज वाटत न्हाई?" त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. बिरप्पा गाल चोळत मंचाकडं वळला.

कार्यक्रम संपला. लोक रांगेनं मंचावर चढले, लाल गिटारीला हात लावून पाया पडले आणि गेले. बिरप्पा खाली उभा राहून बघत होता. मैदान रिकामं झाल्यावर तो सामान बांधत असलेल्या महिपतीजवळ गेला.

"मग आईतवारी जाहीर करायचं न्हवं?"

"आईतवारी?" महिपती तारा गुंडाळत म्हणाला. "आईतवारी करमाळ्याला हाय, श्रद्धांजलीच. मग दुधनी, मग कुंभारी. समद्यांना हाच कार्यक्रम पायजे. गिटारी हितंच राहू देत, त्यांच्याबिगर काई जमायचं न्हाय."  बिरप्पा त्याचा जुना माणूस, तोंडावर सांगायला त्यालाही जड गेलं. "आन एक बोलू का? राग मानू नगंस. नव्या पोराचं लोकांना काई पटलं न्हाय बग."

"पर मीच की त्यो!"

"व्हय रं, मला म्हाईत हाय. पर लोकांचं बी खरं हाय. मागनं मी बी ऐकत व्हतो. त्यो जो व्हता ना..." महिपतीचा आवाज ओला झाला. त्यानं खुर्चीवरच्या लाल गिटारीकडं बघितलं, मग बाहीला डोळे पुसले आणि बिरप्पाच्या खांद्यावर मनापासून हात ठेवला.

"येडूच्यानं व्हनार न्हाय, मला कळतंय. तूच सांग. एवडी वरसं ह्या धंद्यात हाईस. बिरप्पासारका वाजवनारा कोन हाय का तुज्या ध्यानात?"

बिरप्पा खरोखरच विचार करायला लागला. सोलापूर झालं, बार्शी झाली, पार गुलबर्ग्यापर्यंत तो मनानं फिरून आला. एकही नाव त्याला आठवेना.